देशाचा माल कोण मोजतो?

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले गाव. पुणे शहर इथून जवळच. तिथे आमचा रात्रीचा वर्ग भरतो. दिवसभराचे काम आटोपून माणसे येतात. कुणी पाटी घेऊन येते, कुणी वही. एका संध्याकाळी वर्गातल्या आबांनी वर्तमानपत्राचा तुकडा आणला. त्यातली एक ओळ त्यांनी बोट ठेवून, सावकाश वाचली. ‘देशातील कारखान्यांच्या उत्पादनात वाढ’ असे त्या ओळीत होते. पुढे शेकडा किती वाढ झाली तो आकडा दिला होता.

आबांनी वाचले, याचा आम्हाला आनंद झाला. पण आबांचे समाधान झाले नव्हते. ते म्हणाले, “गुरुजी, वाचता आलं. पण हे मोजलं कुणी? एवढा मोठा देश. एवढे कारखाने. कुणी उंबऱ्याउंबऱ्यावर जाऊन माल मोजतं का काय?”

मागून आक्का म्हणाल्या, “आमच्या शेडवर तर कुणी आलं न्हाई मोजायला. आन् मालाचं सोडा, आमच्याच पिशव्या नीट मोजत न्हाईत.”

सगळे हसले. पण दोघांचेही बोलणे महत्त्वाचे होते. म्हणून त्या आठवड्यात आम्ही हाच धडा घेतला. तोच इथे लिहून देत आहोत.

माल म्हणजे काय?

आधी एक गोष्ट ठरवू. कशाला कारखान्याचा माल म्हणायचे?

शेतात कापूस पिकतो. तो शेतीचा माल. कापसाचे सूत काढले, की तो कारखान्याचा माल झाला. सुताचे कापड विणले, तोही कारखान्याचा माल. कापडाची पिशवी शिवली, तीही कारखान्याचा माल. कच्च्या वस्तूवर काम करून तिची नवी वस्तू केली, की ती या हिशेबात येते. ऊस शेतीचा, साखर कारखान्याची. माती जमिनीची, वीट भट्टीची.

आबांनी विचारले, “आमची ज्वारी गिरणीत दळून आणली तर?”

प्रश्न चांगला आहे. ज्वारी आबांची आणि पीठही आबांचेच. गिरणीवाल्याचे त्यात काय? दळण्याचे काम. म्हणून गिरणीवाला पिठाची किंमत आपल्या हिशेबात धरत नाही. दळणाचे जेवढे पैसे घेतले, तेवढेच धरतो. पिंपरी, भोसरी, चाकण भागात अशी शेकडो वर्कशॉपे आहेत. लोखंड मोठ्या कारखान्याचे असते. वर्कशॉप फक्त ते कापते, घासते, त्याला भोके पाडते. त्यांनीही आपली मजुरीच सांगायची असते.

आता हिंजवडीकडे पाहा. इथे काचेच्या उंच इमारती आहेत. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान म्हणतात ते हेच. हजारो मुले-मुली तिथे संगणकावर काम करतात. त्या इमारतींतून मोठी कमाई होते. पण या मोजणीत ती येत नाही. कारण संगणकाचा कार्यक्रम लिहिणे ही सेवा आहे. वस्तू नाही. त्याची मोजणी सेवांच्या वेगळ्या खात्यात होते. मात्र त्याच हिंजवडीत औषधे आणि लशी बनवणारे कारखानेही आहेत. औषधाची गोळी आणि लशीची कुपी या वस्तू आहेत. त्या या मोजणीत येतात. इमारत केवढी मोठी, हे पाहायचे नाही. आत वस्तू तयार होते का, एवढेच पाहायचे.

मोजणीची सुरुवात कुठे होते?

आक्का एका शिवणाच्या शेडमध्ये काम करतात. विजेवर चालणारी शिलाई मशिने आहेत. पंधरा-सोळा बाया पिशव्या शिवतात. मजुरी डझनावर मिळते.

तिथे मुकादम प्रत्येकीच्या नावापुढे रेघा ओढतो. एक डझन झाले, की एक उभी रेघ. चार उभ्या रेघा झाल्या, की पाचवी त्यांच्यावरून आडवी. म्हणजे पाचाचा एक गठ्ठा झाला. गठ्ठे मोजले, की बेरीज पटकन होते. संध्याकाळी त्या रेघांचा आकडा होतो आणि तो रजिस्टरात जातो. महिनाअखेरीस रजिस्टरातली बेरीज कारकुनाच्या खातेवहीत जाते. वर्षअखेरीस खातेवहीतली बेरीज हिशेबाच्या ताळेबंदात जाते.

देशाचा आकडा याच वाटेने पुढे जातो. आबांना वाटले होते, की सरकारचा माणूस येऊन पिशव्या मोजत असेल. तसे नसते. सरकारचा माणूस पिशव्या मोजत नाही, तो वह्या तपासतो. वहीत जे असेल तेच पुढे जाते. म्हणून पहिली रेघ खरी पाहिजे. पहिली रेघ चुकली, तर दिल्लीच्या संगणकालाही ती दुरुस्त करता येत नाही.

रेघेइतकेच माप महत्त्वाचे. कापड मीटरमध्ये, साखर टनात, तेल लिटरमध्ये, पिशव्या नगांत. समजा, कुणी डझनाचा आकडा नगांच्या रकान्यात लिहिला. मग शंभर डझनाच्या झाल्या शंभर पिशव्या. म्हणजे अकराशे पिशव्या कागदावरून नाहीशा झाल्या. पिशव्या गोदामात आहेत, पण देशाच्या हिशेबात नाहीत.

ही पद्धत कधीपासून आली?

आपल्या देशात कारखान्यांच्या आकडेवारीसाठी 1942 साली कायदा झाला. त्याखाली 1946 सालापासून कारखान्यांची गणना सुरू झाली. पण त्या गणनेत सगळे धंदे येत नव्हते. म्हणून 1949 पासून नमुना पद्धतीने आणखी एक पाहणी सुरू झाली.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. किती पिकते, किती बनते, लोक किती कमावतात, हे कळल्याशिवाय पुढची योजना आखता येत नव्हती. म्हणून 1949 साली सरकारने राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी तीन विद्वानांची समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबीस हे अध्यक्ष होते. ते कलकत्त्याचे मोठे सांख्यिकी. दुसरे होते व्ही. के. आर. व्ही. राव. तिसरे आपल्या पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 साली निघाली, तेव्हापासून गाडगीळ तिचे प्रमुख होते. त्यांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करवून तिचे ग्रंथ काढले होते. लोकांचे जगणे समजायचे तर त्यांच्या दारात जाऊन विचारले पाहिजे, ही त्यांची रीत होती.

पुढे 1953 साली आकडेवारी गोळा करण्याचा नवा कायदा झाला. त्याच्या आधारे 1959 पासून ‘वार्षिक उद्योग पाहणी’ सुरू झाली. आधीच्या दोन्ही पद्धती तिच्यात मिळाल्या. कायदाही पुढे बदलला. 2008 साली नवा कायदा झाला आणि 2010 साली तो लागू झाला. पाहणी मात्र चालूच आहे. आज राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय हे काम पाहते. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे कार्यालय असते.

कुणाला विचारतात?

सगळ्यांनाच विचारत नाहीत. आधी यादी करतात. 1948 साली कारखाना कायदा झाला. त्याने कारखान्याची खूण ठरवली. वीज वापरून काम चालत असेल तर 10 किंवा जास्त कामगार. वीज नसेल तर 20 किंवा जास्त. 2020 च्या नव्या कामगार संहितेत हेच आकडे 20 आणि 40 असे धरले आहेत. नोंदणी झालेल्या कारखान्यांची यादी सरकारजवळ असते. विडी आणि सिगार बनवणाऱ्या जागाही यादीत घेतात.

यादीचे दोन भाग पाडतात. मोठे कारखाने एका बाजूला. आपल्या राज्यात शंभर कामगारांची रेघ धरत आले आहेत. या मोठ्यांपैकी प्रत्येकाला दरवर्षी विचारतात. एकही सोडत नाहीत. कारण एक मोठा मोटार कारखाना सुटला, तर सगळा हिशेब ढासळेल.

लहान कारखाने पुष्कळ असतात. त्या सगळ्यांकडे जायचे तर माणसे पुरायची नाहीत. म्हणून त्यांच्यातून काही निवडतात. याला नमुना म्हणतात.

आबा म्हणाले, “थोड्यांना विचारून सगळ्यांचं कसं कळंल?”

आम्ही आक्कांना विचारले, “तुम्ही भात शिजला का ते कसे पाहता?”

आक्का म्हणाल्या, “एक शीत दाबून बघायचं. शितावरनं भाताची परीक्षा.”

“पण वरचेच शीत बघता का?”

“छे! आधी भात ढवळायचा. वरचा शिजतो आन् मधला कच्चा ऱ्हातो.”

नमुन्याचे मर्म आक्कांनी सांगितले. एकाच बाजूचे शीत घेऊन चालत नाही. म्हणून आधी कारखान्यांचे गट करतात. राज्य कोणते, जिल्हा कोणता, धंदा कोणता, असे गट. कापडवाले वेगळे, औषधवाले वेगळे, लोखंडवाले वेगळे. मग प्रत्येक गटातून ठरलेल्या नियमाने काही निवडतात. आपल्या ओळखीचा किंवा रस्त्यालगतचा कारखाना घ्यायचा, असे चालत नाही. नियमाने ज्याचे नाव निघेल, त्याच्याकडेच जायचे.

आता हिशेब पाहा. समजा, एका गटात पिशव्या शिवणारी 40 शेडे आहेत. त्यांतली 8 निवडली. 8 पंचे 40. म्हणजे प्रत्येक शेड पाच शेडांच्या वतीने बोलते. त्या आठांनी मिळून वर्षात 16,000 डझन पिशव्या केल्या. पाचाने गुणा. 80,000 डझन. हा झाला चाळीस शेडांचा अंदाज.

यातून आणखी एक गोष्ट कळते. निवडलेल्या शेडने एक डझन खोटे लिहिले, तर देशाच्या हिशेबात पाच डझन खोटे होतात. ज्याला विचारतात त्याच्यावर इतरांचाही भार असतो.

आक्कांच्या शेडवर कुणी का आले नाही, तेही यातून कळते. ती शेड नमुन्यात निघाली नसेल. एखाद्या वर्षी निघेलही.

काय विचारतात?

कारखान्याला एक लांब तक्ता भरायचा असतो. पूर्वी तो कागदावर भरत. आता संगणकावर भरतात. वर्ष धरायचे ते 1 एप्रिल ते 31 मार्च.

तक्त्याचे अनेक भाग आहेत. जमीन, इमारत, यंत्रे किती किमतीची? कर्ज किती? कामगार किती? त्यांत बायका किती, पुरुष किती, ठेकेदाराकडचे किती? मजुरी किती दिली? वीज, कोळसा, तेल किती लागले? कच्चा माल कोणता, किती, केवढ्याचा? देशातला किती आणि परदेशातून किती आणला? आणि शेवटी, माल कोणता, किती तयार झाला, किती विकला, केवढ्याला?

प्रत्येक मालाला सात अंकांचा एक क्रमांक दिलेला असतो. हा कशाला? आपण म्हणतो पिशवी. कुणी म्हणेल झोळी, कुणी थैली. बंगालमध्ये वेगळा शब्द, तामिळनाडूत वेगळा. नावे वेगळी झाली, की बेरीज होत नाही. क्रमांक मात्र देशभर एकच. म्हणून नावाऐवजी क्रमांकाने बेरीज करतात.

तक्ता आला, की अधिकारी तो तपासतात. गेल्या वर्षीच्या तक्त्याशी ताडून पाहतात. कापड दुप्पट लागले आणि पिशव्या निम्म्या झाल्या, असे दिसले, की विचारतात, “हे कसे?” कधी खरेच कारण असते. आग लागलेली असते, माल भिजलेला असतो. कधी रकाना चुकलेला असतो. चूक असेल तर ती तिथेच सुधारायची.

बेरीज करताना एक खड्डा

आता सगळे आकडे हाती आले. मग नुसती बेरीज करायची का? नाही. इथे एक खड्डा आहे.

फळ्यावर आम्ही हे उदाहरण मांडले.

शेतकऱ्याने 40 रुपयांचा कापूस विकला.
सूतगिरणीने त्याचे सूत काढून 70 रुपयांना विकले.
मागवाल्याने कापड विणून 110 रुपयांना विकले.
शेडवाल्याने पिशव्या शिवून 150 रुपयांना विकल्या.

तीन कारखान्यांची विक्री 70, 110 आणि 150. बेरीज 330 रुपये. पण बाजारात माल किती रुपयांचा आहे? फक्त 150 रुपयांच्या पिशव्या. मग 330 कुठून आले? कारण सूत तीनदा मोजले गेले. एकदा सूत म्हणून, मग कापडात, मग पिशवीत. कापूसही त्यात तीनदा गेला.

म्हणून प्रत्येकाने स्वतः किती भर घातली, तेवढीच धरायची. सूतगिरणीची भर 70 वजा 40, म्हणजे 30. मागाची भर 110 वजा 70, म्हणजे 40. शेडची भर 150 वजा 110, म्हणजे 40. तिन्ही मिळून 110 रुपये. त्यात शेतकऱ्याचे 40 मिळवा. झाले 150. ताळा बरोबर जमला.

खऱ्या हिशेबात वीज, तेल, दुरुस्ती असे इतर खर्चही वजा करतात. उरते ती त्या कारखान्याची भर. या भरीतूनच कामगाराची मजुरी निघते, कर्जाचे व्याज निघते आणि मालकाचा नफा निघतो.

आक्का फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी त्या चाळीसात माझं शिवण हाय.”

हो. आक्कांची मजुरी त्या चाळिसात आहे.

ही सगळी कामे व्हायला वेळ लागतो. 2022-23 सालच्या पाहणीचे आकडे सप्टेंबर 2024 मध्ये बाहेर आले. त्या पाहणीत देशात सुमारे अडीच लाख कारखाने निघाले. त्यांत सुमारे 1 कोटी 85 लाख माणसे कामाला होती. आणि कारखान्यांनी घातलेल्या भरीत सगळ्या राज्यांत महाराष्ट्राचा पहिला क्रमांक लागला.

मग दर महिन्याचा आकडा कोणता?

आबांच्या वर्तमानपत्रातला आकडा मात्र महिन्याचा होता. वर्षाच्या पाहणीला दीड वर्ष लागते. तोवर सरकार थांबू शकत नाही. म्हणून दर महिन्याला एक झटपट अंदाज काढतात. त्याला औद्योगिक उत्पादन निर्देशांक म्हणतात. 2025 सालापासून तो महिन्याच्या 28 तारखेला बाहेर येऊ लागला.

यात निवडक मालच घेतात. निवडक कारखान्यांकडून दर महिन्याला आकडे मागवतात. एक मूळ वर्ष ठरवतात आणि त्या वर्षाच्या उत्पादनाला 100 म्हणतात. पुढे वाढले की 100 च्या वर आणि घटले की खाली. आपल्याकडे पहिल्यांदा 1937 हे मूळ वर्ष धरले होते. काळ बदलला, की माल बदलतो. मग मूळ वर्षही बदलावे लागते. 2011-12 हे मूळ वर्ष धरलेली मालिका 2017 साली सुरू झाली.

सगळ्या मालाला सारखे वजन देत नाहीत. घरखर्चाचे पाहा. हिंग दुप्पट महाग झाला, तर घर बुडत नाही. ज्वारी दुप्पट महाग झाली, तर बुडते. कारण ज्वारी जास्त लागते. तसेच मालाचे आहे. 2011-12 च्या मालिकेत एकूण वजन 100 धरले. त्यातले सुमारे 77.6 कारखान्यांच्या मालाला दिले, सुमारे 14.4 खाणींना आणि सुमारे 8 विजेला.

एक सोपा हिशेब करू. समजा, तीनच माल आहेत.

साखर: वजन 50, या महिन्याचे उत्पादन 110.
कापड: वजन 30, उत्पादन 100.
पंप: वजन 20, उत्पादन 90.

आता गुणाकार करा. 50 गुणिले 110 म्हणजे 5,500. 30 गुणिले 100 म्हणजे 3,000. 20 गुणिले 90 म्हणजे 1,800. बेरीज 10,300. तिला 100 ने भागा. उत्तर 103. म्हणजे शेकडा 3 वाढ. पंप घटले, तरी एकूण आकडा वाढला. म्हणून पंपाच्या कारखान्यातला कामगार म्हणेल, “कसली वाढ? आमच्याकडे तर पाळी बंद झाली.” तोही खोटे बोलत नाही. एकूण आकड्यात एकेकाचे दुःख दिसत नाही. त्यासाठी आकडा फोडून पाहावा लागतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, माल मोजायचा, भाव नाही. गेल्या वर्षी 100 पिशव्या 10 रुपयांनी विकल्या. हजार रुपये झाले. यंदा 100 पिशव्याच 12 रुपयांनी विकल्या. बाराशे झाले. पैसे वाढले, पण पिशव्या वाढल्या का? नाही. म्हणून निर्देशांकात शक्यतो नग, टन, मीटर धरतात. काही माल पैशांतच सांगावा लागतो. तिथे भाववाढ वजा करून घेतात.

दोन, जूनची तुलना जानेवारीशी करायची नाही. आपले साखर कारखाने दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळ्यात थंड होतात. जूनमध्ये साखर बनत नाही, म्हणून देश बुडाला असे म्हणायचे का? म्हणून या जूनची तुलना मागच्या जूनशी करतात.

आणि हा आकडा पहिल्यांदा कच्चा असतो. काही कारखान्यांचे उत्तर उशिरा येते. ते आले, की आकडा सुधारून पुन्हा छापतात. आकडा बदलला म्हणजे लबाडी झाली, असे समजू नये.

घरात बसून काम करणाऱ्यांचे काय?

वर्गात एक वहिनी आहेत. त्या घरी पापड लाटतात आणि दुकानात देतात. त्यांचे घर कारखाना नाही. नवरा-बायको मिळून चालवणारा कुंभार, सुतार, शिंपी यांचेही तसेच. कारखान्यांच्या यादीत ते नाहीत. मग ते देशाच्या हिशेबात नाहीत का?

आहेत. त्यांच्यासाठी वेगळी नमुना पाहणी असते. अशा लहान धंद्यांची पाहणी आता दरवर्षी करतात. त्यांच्याजवळ रजिस्टर नसते, ताळेबंद नसतो. म्हणून पाहणी करणारा दारात येऊन तोंडी विचारतो. महिन्यात किती केले? किती रुपयांचे सामान आणले? कितीला विकले?

वहिनी म्हणाल्या, “कुणी आलं तर मी म्हणंल, मी काय करत न्हाई, घरीच असते.”

आम्ही विचारले, “का बरे?”

“कर लावला म्हंजी?”

ही भीती पुष्कळांना वाटते. म्हणून नीट समजून घ्या. आकडेवारीच्या कायद्याखाली दिलेली माहिती फक्त आकडेवारीच्या कामासाठी असते. कोणत्या घराने काय सांगितले, ते छापत नाहीत. सगळ्यांची बेरीज छापतात. हाच नियम मोठ्या कारखान्यालाही आहे. शिवाय माहिती न देणाऱ्याला किंवा जाणूनबुजून खोटी देणाऱ्याला कायद्यात दंड आहे. आलेल्या माणसाचे ओळखपत्र मात्र जरूर पाहावे. तो आपला हक्क आहे. आता तुम्हाला वाचता येते.

आणि ‘मी काही करत नाही’ असे सांगितल्याने नुकसान कुणाचे? पाचशे बाया पापड लाटत असतील आणि कागदावर पन्नासच असतील, तर कर्जाची योजना पन्नासांसाठी निघेल. उरलेल्या साडेचारशे कुणाला दिसणारच नाहीत.

आक्कांची वही

हा धडा झाला आणि आक्कांनी एक गोष्ट केली. त्यांनी शाळेच्या वहीत स्वतःच्या पिशव्यांच्या रेघा ओढायला सुरुवात केली. एक डझन, एक रेघ. पाचवी आडवी.

आठवडा संपला. मजुरीच्या दिवशी मुकादमाने आकडा वाचला. अडतीस डझन. आक्कांच्या वहीत होते एक्केचाळीस.

आक्का आम्हाला म्हणाल्या, “पूर्वी मी गप बसले असते. अंगठा देऊन पैसे घेतले असते.” या वेळी त्यांनी वही पुढे केली. मुकादम आधी चिडला. मग दोघांनी दिवसवार रेघा ताडून पाहिल्या. पाच दिवस जुळले. गुरुवार जुळेना.

गुरुवारी काय झाले होते? संध्याकाळी टेम्पो लवकर आला. रजिस्टर बंद झाले होते. शेवटचे तीन डझन तसेच गाडीत चढवले. ते कुठेच लिहिले गेले नाहीत. मुकादमाला ते आठवले. त्याने मान हलवली, रजिस्टरात दुरुस्ती केली आणि आक्कांना तीन डझनांची मजुरी मिळाली.

पुढच्या वर्गात आक्कांनी हे सांगितले. मग त्या म्हणाल्या, “गुरुजी, त्या छत्तीस पिशव्या माझ्या मजुरीत नव्हत्या. तशा देशाच्या बेरजेतबी नव्हत्या. होय ना?”

आम्ही म्हणालो, “होय. आता दोन्हीकडे आहेत.”

आबांनी आपला वर्तमानपत्राचा तुकडा घडी करून खिशात ठेवला. ते म्हणाले, “आता म्हैन्याची अठ्ठावीस तारीख आली, की मी बघणार.”

आम्हीही तुम्हाला तेच सांगतो. आकडा वाचा. तो कशाचा आहे ते विचारा. कोणत्या महिन्याशी ताडला आहे ते विचारा. आणि आपल्या हातून निघालेल्या कामाची रेघ आपण स्वतः ओढा.

आठवून सांगा

1. हिंजवडीत संगणकाचे काम चालते. ते या मोजणीत का येत नाही? लशीची कुपी का येते?
2. भात ढवळल्याशिवाय शीत का पाहू नये? याचा नमुन्याशी काय संबंध?
3. कापूस, सूत, कापड आणि पिशवी यांच्या उदाहरणात नुसती बेरीज केली तर काय चुकते?
4. जूनची तुलना जानेवारीशी का करू नये?

करून पाहा

आठवडाभर आपल्या कामाच्या रेघा वहीत ओढा. भाकरी, पापड, दुधाचे लिटर, विटा, काहीही चालेल. माप कोणते ते वर लिहा. रविवारी बेरीज करा. पुढच्या आठवड्याच्या बेरजेशी ती ताडून पाहा आणि फरक का पडला ते एका ओळीत लिहा.

शब्दांचे अर्थ

उत्पादन: तयार केलेला माल.
नमुना: सगळ्यांच्या वतीने निवडलेले थोडे.
पाहणी: विचारून आणि तपासून माहिती घेणे.
निर्देशांक: मूळ वर्षाला 100 धरून वाढ किंवा घट दाखवणारा आकडा.
ताळेबंद: वर्षाच्या जमाखर्चाचा शेवटचा हिशेब.